अंदाज बरोबर, खिसा रिकामा : खेळाची जाण सट्ट्यात का तारत नाही?

हैदराबादेत पहाटेचे साडेपाच वाजतात, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. हिवाळ्यात एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे बरेच सामने याच सुमारास सुरू होतात. लास वेगासमध्ये शनिवारी रात्री उशिरा होणारी बॉक्सिंगची मोठी लढत भारतात रविवारी सकाळी चहाच्या वेळी पाहता येते. गच्चीबावली, माधापूर, सिकंदराबाद या भागांत हे सामने पाहणारा तरुण प्रेक्षक आता बऱ्यापैकी आहे. त्याला खेळाडूंची नावे, दुखापती, प्रशिक्षकांचे डावपेच असे सारे पाठ असते. कोण जिंकणार, याविषयी त्याचे ठाम मत असते आणि पुष्कळदा ते बरोबरही ठरते.

त्याच मोबाइलवर, त्याच सामन्याच्या शेजारी, ‘एवढे कळते, तर पैसे का लावत नाही?’ असा मोह उभा असतो. मार्च २०२५ मध्ये हैदराबादेतील मियापूर पोलीस ठाण्यात सट्ट्याच्या ॲपची जाहिरात केल्याच्या आरोपावरून चित्रपट व समाजमाध्यम क्षेत्रांतील पंचवीस जणांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. त्याच महिन्यात तेलंगणा सरकारने अशा ॲपच्या तपासासाठी विशेष पथक नेमण्याची घोषणा केली. पुढे सक्तवसुली संचालनालयानेही चौकशी हाती घेतली. कर्जात बुडालेल्या तरुणांच्या आणि आत्महत्यांच्या बातम्यांनी या साऱ्याला पार्श्वभूमी पुरवली होती.

या चर्चेत एक प्रश्न मात्र मागे राहिला. खेळ खरोखर जाणणारा माणूसही सट्ट्यात का हरतो? नशीब खोटे म्हणून, की लबाडी होते म्हणून? लबाडी होतेच; पण ती झाली नाही तरी तो हरतो. त्याचे कारण साध्या अंकगणितात आहे.

पैज आणि सट्टा

मराठीत ‘पैज’ आणि ‘सट्टा’ असे दोन शब्द आहेत. तेलुगूत पैजेला पंदेम म्हणतात, हैदराबादच्या दखनीत शर्त. इराणी चहाच्या टेबलावर दोन मित्र बोलतात. एक म्हणतो, लेकर्स जिंकणार. दुसरा म्हणतो, नाही. हरेल त्याने चहा आणि उस्मानिया बिस्किटांचे पैसे द्यायचे. ही पैज झाली. दोघे समोरासमोर आहेत, दोघांची जोखीम सारखी आहे आणि मध्ये कोणी दलाल नाही. या पैजेत ज्याला खेळ अधिक कळतो, तो वर्षअखेरीस चार चहा जास्त पिईल. जाणकारीचे फळ इथे सरळ मिळते.

सट्ट्यात समोर मित्र नसतो, भाव ठरवणारा धंदेवाईक असतो. तो एका बाजूने खेळत नाही. दोन्ही बाजूंचे पैसे घेतो आणि प्रत्येक रुपयातून आपला वाटा आधीच कापून ठेवतो. त्यामुळे चाहत्याला सामन्याचा निकाल ओळखून भागत नाही. त्याला त्या भावावर मात करावी लागते. ‘कोण जिंकेल?’ हा खेळाचा प्रश्न आहे. ‘या भावात पैसे लावणे परवडेल का?’ हा निराळा प्रश्न आहे. चाहत्याला पहिल्याचे उत्तर येते आणि तो दुसऱ्याचे पैसे भरतो.

भाव म्हणजे काय?

ऑनलाइन सट्ट्यात भाव बहुधा दशांशात लिहिलेला असतो. १.९० हा भाव म्हणजे शंभर रुपये लावून अंदाज बरोबर आला, तर मूळ रकमेसह १९० रुपये परत. नफा ९० रुपये. अंदाज चुकला तर शंभर गेले.

दोन तुल्यबळ संघांचा सामना घेऊ. दोघांची शक्यता निम्मी-निम्मी. न्याय्य भाव दोन्ही बाजूंना २.०० हवा. प्रत्यक्षात तो १.९० आणि १.९० असा दिला जातो. भावाला शंभरात उलटे भागले की त्यात गृहीत धरलेली शक्यता कळते. शंभर भागिले १.९० म्हणजे ५२.६३. दोन्ही बाजूंची बेरीज १०५.२६ होते. कोणत्याही सामन्यात शक्यतांची बेरीज शंभरच असायला हवी. वरचे ५.२६ हा सट्टा चालवणाऱ्याचा वाटा असतो. एक संघ वरचढ असला तरी रचना बदलत नाही. १.४० आणि २.९५ हे भाव उलटे करून मिळवले, तर बेरीज पुन्हा १०५ च्या वर जाते.

याचा अर्थ रुपयांत पाहू. एखाद्याने वर्षभरात शंभर रुपयांचे शंभर डाव १.९० भावाने लावले. नाणेफेकीप्रमाणे पन्नास बरोबर आले, तर दहा हजार घालून साडेनऊ हजार हाती येतात. ५२ बरोबर आले तरी १२० रुपयांचा तोटा. ५३ बरोबर आले, तेव्हा कुठे ७० रुपये सुटतात. म्हणजे शंभरात पन्नासपेक्षा जास्त वेळा बरोबर येणारा, मित्रमंडळीत ‘जाणकार’ म्हणून मिरवणारा माणूसही तोट्यात असू शकतो. त्याचा अंदाज चुकलेला नसतो, त्याने घेतलेला भाव महाग असतो.

त्यात आणखी एक अडचण आहे. भाव ठरवणाऱ्याकडे चाहत्याला ठाऊक असलेली सगळी माहिती असते आणि बहुतेकदा त्याच्या आधी पोहोचलेली असते. प्रमुख खेळाडू जखमी आहे, संघ सलग दुसऱ्या रात्री खेळतो आहे, परतीचा प्रवास लांबचा आहे, हे सगळे भावात आधीच मिसळलेले असते. ‘त्यांचा कर्णधार आज खेळत नाही, म्हणून मी विरुद्ध संघावर लावले’ असे म्हणणाऱ्याने बातमीची किंमत भावातच मोजलेली असते. चालू सामन्यात लावल्या जाणाऱ्या डावांत तर मोबाइलवरचे चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते. चाहत्याला बास्केट दिसते, तोवर भाव हललेला असतो.

बास्केटबॉल : संघ जिंकला, डाव हरला

बास्केटबॉल हा हैदराबादला अनोळखी खेळ नाही. वायएमसीएने भारतात रुजवलेल्या या खेळाची सिकंदराबादेत जुनी परंपरा आहे. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडले आणि एनबीएच्या निवड प्रक्रियेत स्थान मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. तेव्हापासून या लीगकडे इथल्या तरुणांचे लक्ष वाढले.

बास्केटबॉलमध्ये नुसत्या जय-पराजयावर फारसे डाव लागत नाहीत, फरकावर लागतात. बलवान संघापुढे ‘उणे ६.५’ असा आकडा असतो. तो संघ सात किंवा अधिक गुणांनी जिंकला तरच त्याच्यावरचा डाव फळतो. अर्धा गुण ठेवला जातो तो बरोबरी होऊ नये म्हणून.

आता सामन्याचे शेवटचे मिनिट डोळ्यांसमोर आणावे. मागे पडलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो. पुढचा संघ फ्री थ्रो मारतो. वीस सेकंद उरलेली असताना आघाडी आठ गुणांची असते. निकाल लागलेलाच असतो. हरणाऱ्या संघाचा एखादा खेळाडू लांबून चेंडू फेकतो. त्याला अडवायला कोणी जात नाही, कारण आता अडवून उपयोग नसतो. तीन गुण मिळतात आणि फरक पाचावर येतो. मैदानावरचे खेळाडू हस्तांदोलन करून निघतात. हैदराबादेत मात्र ज्याने त्या संघाचा विजय बरोबर ओळखला होता, त्याचे पैसे बुडालेले असतात.

त्याच्या जाणकारीला इथे काहीच वाव नव्हता. सामन्याचा जो भाग खेळाडूंच्या लेखी संपला होता, त्याने डावाचा निकाल लावला. खेळाचा हेतू आणि डावाचा हेतू वेगळे झाले की खेळाची जाण उपयोगी पडेनाशी होते.

बॉक्सिंग : निजामाबादची दोन उदाहरणे

बॉक्सिंगमध्ये परिस्थिती वेगळी आहे, पण निष्कर्ष तोच निघतो. हैदराबादपासून उत्तरेला, नांदेडच्या शेजारी असलेल्या निजामाबादने या खेळात देशाला दोन ठळक नावे दिली : निखत झरीन आणि मोहम्मद हुसामुद्दीन. हुसामुद्दीनचे वडील शमसामुद्दीन हेच दोघांचेही सुरुवातीचे प्रशिक्षक.

निखतने मे २०२२ मध्ये इस्तंबूल येथे ५२ किलो गटात आणि मार्च २०२३ मध्ये नवी दिल्लीत ५० किलो गटात जागतिक अजिंक्यपद मिळवले. दोन्ही अंतिम लढती तिने ५–० अशा जिंकल्या. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतही तिने सुवर्णपदक पटकावले. ५–० हा आकडा बऱ्याच वाचकांना गुणसंख्या वाटतो. तसे नाही. रिंगणाभोवती पाच पंच असतात; प्रत्येक फेरीत वरचढ ठरलेल्याला दहा आणि दुसऱ्याला नऊ किंवा कमी गुण दिले जातात. फेऱ्यांची बेरीज करून प्रत्येक पंच एक विजेता ठरवतो. ५–० म्हणजे पाचही पंचांचा कौल एकाच बाजूला. तो प्रत्येक फेरी अटीतटीची होऊनही मिळू शकतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला निखत गेली, तेव्हा ‘पदक नक्की’ असे देशभर म्हटले जात होते. म्हणण्यात चूक नव्हती. ती दोनदा विश्वविजेती होती. पण तिला मानांकन नव्हते. पहिली लढत तिने जिंकली. उपउपांत्यपूर्व फेरीत तिच्यासमोर आली चीनची वू यू : त्या गटातील अव्वल मानांकित आणि नवी दिल्लीच्याच त्या स्पर्धेतील ५२ किलो गटाची विजेती. एका ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीला शोभली असती अशी लढत सोडतीमुळे पदकाच्या आधीच झाली. निखत ०–५ अशी हरली. वू यूने पुढे सुवर्णपदक जिंकले.

हुसामुद्दीनचे उदाहरण याहून बोलके आहे. मे २०२३ मध्ये ताश्कंद येथील जागतिक स्पर्धेत तो ५७ किलो गटाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तोवरचा खेळ पाहता त्याच्याकडून अंतिम फेरीची अपेक्षा धरणे वाजवी होते. पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो लढतीला उतरलाच नाही आणि त्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. बॉक्सरच्या गुडघ्याची अवस्था त्याचा वैद्य आणि प्रशिक्षक जाणतो. दूर बसलेला चाहता जाणत नाही. त्यात चाहत्याचा दोष नाही. पण पैसे लावणारा त्या अज्ञानाचीही किंमत मोजतो.

या दोन प्रसंगांत चाहत्यांचे खेळाबद्दलचे मत चुकीचे नव्हते. निखत उत्तम बॉक्सर होती आणि आहे. पण मत हे दीर्घकाळच्या गुणवत्तेबद्दल असते आणि डाव एका सकाळबद्दल असतो.

‘नक्की जिंकणारा’ किती स्वस्त?

काही जण म्हणतील, अटीतटीच्या सामन्यांवर लावायचेच कशाला? जिथे निकाल उघड आहे, तिथे थोडाथोडा नफा घ्यावा. बॉक्सिंगमध्ये असे भाव पुष्कळ दिसतात. प्रबळ बॉक्सरवर १.०५ भाव म्हणजे शंभर लावून पाच रुपये नफा. एकोणीस वेळा जिंकून मिळालेले ९५ रुपये विसाव्या वेळच्या एका पराभवात जातात, वर पाच रुपये पदरचे द्यावे लागतात. हा डाव परवडायचा, तर शंभरात ९५ पेक्षा जास्त वेळा बरोबर यावे लागते.

आणि एकदा तरी चुकते. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत माइक टायसन आणि बस्टर डग्लस यांची लढत झाली. टायसन अपराजित होता. लास वेगासच्या बहुतेक सट्टेवाल्यांनी या लढतीवर भावच लावला नव्हता. जिथे लावला, तिथे डग्लसवर एकास बेचाळीस असा तो होता. दहाव्या फेरीत डग्लसने टायसनला खाली पाडले आणि लढत संपली. ‘नक्की’ या शब्दाची बॉक्सिंगमधील किंमत त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिली.

पंचांचा प्रश्न वेगळाच. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत ८६ ठोसे लगावले, दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२. तरीही निकाल ३–२ असा पार्कच्या बाजूने लागला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधील काही लढतींचे निकाल संगनमताने फिरवले गेल्याचे पुढे स्वतंत्र चौकशीत म्हटले गेले. ज्याला खेळ कळत होता, त्याचाच अंदाज अशा वेळी चुकला.

पाच अंदाजांची माळ

ॲपवर सर्वांत आकर्षक दिसतो तो जोडडाव. पाच सामन्यांचे पाच अंदाज एकाच माळेत ओवायचे. सगळे बरोबर आले तर मोठी रक्कम, एक चुकला तर शून्य. १.९० भावाचे पाच अंदाज एकत्र केले की भाव २४.७६ होतो. शंभराचे जवळपास अडीच हजार! चाहत्याचे डोळे इथे दिपतात.

हिशेब असा : निम्म्या शक्यतेचे पाच अंदाज एकाच वेळी बरोबर येण्याची शक्यता बत्तीसात एक. न्याय्य भाव ३२ हवा, मिळतो २४.७६. एका डावात सट्टा चालवणाऱ्याचा वाटा शंभरामागे पाच रुपये होता. माळेत तो बावीस रुपयांच्या वर गेला. त्याचा वाटा प्रत्येक मण्यागणिक वाढत जातो. म्हणूनच जाहिरातीत जोडडाव पुढे असतो.

‘पक्की टीप’ विकणारे

हैदराबादच्या प्रकरणांत चर्चेत आलेली दुसरी मंडळी म्हणजे समाजमाध्यमांवर अंदाज वाटणारे. ‘सलग पाच अंदाज बरोबर, सहावा हवा असेल तर पैसे भरा’ असे सांगणाऱ्यावर विश्वास बसतो, कारण पाच अंदाज आपण स्वतः पाहिलेले असतात. ते कसे साधते?

समजा, एकाने ३,२०० जणांना संदेश पाठवला. निम्म्यांना सांगितले, पहिला संघ जिंकेल. निम्म्यांना सांगितले, दुसरा. सामना झाल्यावर १,६०० जणांकडे बरोबर अंदाज पोहोचलेला असतो. पुढच्या वेळी फक्त त्यांनाच पाठवायचे. मग ८००, ४००, २०० आणि शेवटी १००. या शंभर जणांनी सलग पाच अचूक अंदाज पाहिलेले असतात. त्यांच्या दृष्टीने हा माणूस ज्योतिषी आहे. बाकीच्या ३,१०० जणांची गाठ या शंभरांशी कधी पडत नाही. खेळाचे एक अक्षरही न जाणता हे करता येते. काही ठिकाणी तर टीप देणाऱ्याला, त्याने आणलेल्या ग्राहकाच्या तोट्यातून वाटा मिळतो. आपण हरलो की ज्याचा फायदा, त्याचा सल्ला आपण घेत असतो.

आतून पोखरलेला डाव

लबाडीचा मुद्दा शेवटी येतो, पण टाळता येत नाही. एनबीएचा पंच टिम डोनागी याने सामन्यांवरील सट्ट्याशी संबंधित गुन्ह्यांची कबुली दिली आणि २००८ मध्ये त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. एप्रिल २०२४ मध्ये टोरंटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टरवर लीगने आजन्म बंदी घातली. त्याने दुखापत वा आजारपणाचे कारण सांगून सामना लवकर सोडला होता. त्याची वैयक्तिक कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी होईल, यावर आधीच डाव लागलेले होते. एका सामन्यात तो जेमतेम तीन मिनिटे खेळला. सामन्याच्या निकालाला धक्काही न लावता डाव फिरवता येतो, हे त्यातून दिसले.

हैदराबादलाही हा विषय जुना आहे. २००० मध्ये सामना निश्चितीच्या आरोपांवरून मोहम्मद अझरुद्दीन यांच्यावर क्रिकेट मंडळाने आजन्म बंदी घातली आणि २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. निर्णय काहीही असो, मधली बारा वर्षे त्या खेळाडूच्या आणि त्याच्या चाहत्यांच्या वाट्याला संशय आला.

सिकंदराबादचा रमीचा डाव

‘माझा डाव नशिबाचा नाही, अभ्यासाचा आहे’ असे म्हणणाऱ्या चाहत्याच्या युक्तिवादाला हैदराबादेत कायदेशीर इतिहास आहे. मे १९६३ मध्ये सिकंदराबादच्या क्रिसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी छापा घातला. तिथे रमी चालू होती. निजामाच्या काळापासूनच्या हैदराबाद जुगार कायद्याखाली चाललेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९६७ मध्ये न्यायालयाने सांगितले की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे : पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. तीन पत्तीसारखा तो निव्वळ नशिबाचा नाही. मात्र क्लबचालक खेळातून नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, असेही न्यायालयाने नोंदवले. पुढे १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरल्या. म्हणून हैदराबादच्या मलकपेट रेसकोर्सवर घोड्यावर पैसे लावणे कायद्याने चालते.

रमीचा खेळाडू आपल्या हाताने पान टाकतो. त्याचे कौशल्य निकाल घडवते. एनबीएच्या सामन्यावर पैसे लावणारा हैदराबादेत बसलेला असतो. त्याचे ज्ञान कितीही असो, चेंडूला त्याचा स्पर्श नसतो. हा फरक की दोन्ही सारखेच, यावर वकिलांनी वर्षानुवर्षे वाद घातला.

तेलंगणाने २०१७ मध्ये हा वादच बाजूला सारला. १९७४ च्या गेमिंग कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदीच्या कक्षेत आणले गेले. ऑनलाइन रमी आणि पैशांचे फँटसी खेळ त्या राज्यात तेव्हापासून बंद झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातही कौशल्य-नशीब हा भेद ठेवलेला नाही. पैशांचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला या कायद्याने गुन्हेगार ठरवलेले नाही.

मांडवीच्या काठावरून पाहताना

गोमंतकीय वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. गावागावांतला मटका इथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. राज्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात नंतर दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतील जहाजांवर कॅसिनोंना वाट करून दिली गेली. फेब्रुवारी २०२० पासून मात्र गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे. ज्या धंद्यातून राज्याला महसूल मिळतो, त्यापासून आपल्या माणसांना मात्र दूर ठेवावे असे सरकारला वाटले, यातच त्या धंद्याच्या हिशेबाची कबुली आहे.

पण जहाजावर चढताना ओळखपत्र तपासता येते. मोबाइलला धक्का नसतो, दारवान नसतो. हैदराबादच्या तरुणाला जे ॲप दिसते, तेच म्हापशाच्या आणि मडगावच्या तरुणाला दिसते. बंदी आली की ॲप नाव बदलते आणि परदेशातून पुन्हा उघडते. तिथे जिंकलेली रक्कम मिळालीच नाही, तर दाद मागायला जागा नसते. त्यामुळे कायदा आवश्यक असला तरी तो एकटा पुरा पडत नाही. हिशेब समजलेला वाचक हाच अधिक भरवशाचा अडसर आहे.

खेळ कोणाचा राहतो?

सट्ट्यात पैसे जातात, हे नुकसान मोजता येते. न मोजता येणारे नुकसान आणखी आहे. ज्याने उणे ६.५ वर पैसे लावले, तो आपल्याच संघाचा विजय दुःखाने पाहतो. ज्याने निखतवर पैसे लावले असतील, त्याला तिच्या पराभवात तिचे अश्रू दिसत नाहीत, आपला तोटा दिसतो. समाजमाध्यमांवर खेळाडूंना शिव्या घालणाऱ्यांत अशांची भर पडते. आणि हरलेली रक्कम भरून काढण्यासाठी दुप्पट लावण्याची ओढ लागली, की चाहता खेळ पाहत नाही. फक्त आकडे पाहतो.

घरच्यांनी काही खुणा ओळखाव्यात : अपरात्री सामने पाहण्यातली अस्वस्थता, झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे संदेश, लपवलेले व्यवहार, ‘एकदा भरपाई झाली की सोडतो’ हे वाक्य. रागावण्यापेक्षा हिशेब समोर मांडणे अधिक उपयोगी ठरते. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे, तर ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० वर करता येते.

मते असावीत. बास्केटबॉलवर असावीत, बॉक्सिंगवर असावीत, ती ठासून मांडावीत आणि चुकली तर हसून कबूल करावीत. खेळाचा निम्मा आनंद त्यातच आहे. पैज लावायचीच असेल, तर ती मित्राशी लावावी आणि चहाची लावावी. त्या व्यवहारात हरणाऱ्यालाही चहा मिळतो.